न वाजलेली गिटार

मित्रांनो, मला गिटार म्हणू नका. मी एक जुनी, लाल रंगाची, गिटारसारखी दिसणारी लाकडी वस्तू आहे. हे सांगताना मला लाज वाटते, पण आता तुमच्यापासून लपवून तरी काय करू?

१९९९ साली नाशिकच्या पंचवटीत कारभारी मिस्त्रींच्या कारखान्यात माझा जन्म झाला. टीव्हीच्या एका नव्या मालिकेसाठी मी हवी होते. मालिकेत पाच कॉलेजकुमारांचा रॉक बँड होता आणि त्याचं नाव होतं 'सुरुंग'. कारभारींनी प्लायवूड कापलं, घासलं, त्यावर गाडीचा लाल रंग मारला. जुन्या रेडिओची बटणं बसवली. मग त्यांनी विचारलं, "साहेब, ही वाजायला पाहिजे का?"

"नको. नुसती दिसायला पाहिजे," मालिकेचे दिग्दर्शक म्हणाले.

कारभारींना ते आवडलं नसावं. तरीही त्यांनी मला मन लावून घडवलं.

बँडचा नायक झाला होता सोमनाथ नावाचा तरुण नट. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. खरी वाजवायची ललिता. ती आठ वर्षं ऑर्केस्ट्रात होती. इंदिरानगरातल्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत तिचं वादन ध्वनिमुद्रित व्हायचं. सोमनाथ मला गळ्यात अडकवून तिच्या बोटांकडे बघत बसायचा आणि कॅमेऱ्यासमोर तशीच बोटं माझ्यावर फिरवायचा. ललिताचं नाव श्रेयनामावलीत नव्हतं. बाहेर कुणाला काही सांगायचं नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

मालिका गाजली. पोरं भिंतींवर 'सुरुंग' लिहू लागली. पत्रं यायची, "त्या लाल गिटारचा आवाज काळजाला भिडतो." मित्रांनो, ती पत्रं सगळ्यांसमोर वाचली जायची, तेव्हा ललिता खाली मान घालून आपल्या गिटारच्या तारा पुसत असायची. आणि मी? खरं सांगते, पहिले काही दिवस मला ते कौतुक आवडलं होतं.

पुढच्या वर्षी देवळ्याला एका शाळेच्या स्नेहसंमेलनात 'सुरुंग'ला बोलावलं. मंचामागे कॅसेट लावली होती. माझी वायर सतरंजीखाली खुपसलेली होती, ती कुठेच जोडलेली नव्हती. सोमनाथ नाचला, मुलांनी शिट्ट्या मारल्या. कार्यक्रम संपल्यावर दहावीतली एक मुलगी खरी गिटार घेऊन मंचावर आली. तिचं नाव स्नेहल. तिचे वडील बारकू लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पाहुण्यांच्या स्वागताला त्यांचाच बँड होता, म्हणून तेही गणवेशात खाली उभे होते.

"सर, तुमच्या गाण्यातला तो मधला तुकडा हिच्यावर वाजवून दाखवाल का?" स्नेहलने विचारलं. "मी टीव्हीवर ऐकून बसवलाय, पण एका ठिकाणी अडकते."

सोमनाथच्या हाताला घाम सुटला. तो घाम मला कळला. त्याने तिची गिटार घेतली, एक तार छेडली आणि तोंड वाकडं केलं.

"ही बेसूर आहे. कुणी लावली?"

"माझ्या बाबांनी."

"असल्या गिटारवर शिकलीस तर हात बिघडेल. ठेवून दे ही."

लोक हसले. बारकूंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि ते खाली बघत राहिले. ती गिटार सुरात होती, मित्रांनो. सोमनाथला सूर कळत नव्हता, एवढंच. पण मला ना आवाज, ना तोंड. मी त्याच्या गळ्यात लटकून राहिले.

महिनाभराने, एका दुपारी, बारकू ती गिटार फडक्यात गुंडाळून, शाळेतून पत्ता घेऊन इंदिरानगरच्या खोलीवर आले. दार ललिताने उघडलं. आत सोमनाथ मला घेऊन बसला होता. दाराआड असल्यामुळे तो बारकूंना दिसला नाही.

"ताई, हिच्यात काय खोट हे, तेवढं बघा," बारकू म्हणाले. "पोरीनं हात लावणं सोडलं. मी बी लग्नात वाजवताना चाचरतो आता. वीस वर्सं वाजवतोय, पण माझा कानच खोटा निघाला म्हणायचा."

ललिताने गिटार मांडीवर घेतली आणि तोच मधला तुकडा वाजवला. बारकू ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे तर टीव्हीतलं हे. तसंच्या तसं."

"ही चांगली सुरात आहे, काका," ललिता म्हणाली. "हिच्यात खोट आहे असं कोण म्हणालं?"

सोमनाथ उठून पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते. "मी म्हणालो. मला गिटार येत नाही, काका. टीव्हीवर ह्या वाजवतात. त्या दिवशी शाळेत उघडं पडायची भीती वाटली, म्हणून मी खोटं बोललो."

बारकू रागावतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त गिटार परत फडक्यात बांधली. "मला सांगून काय उपेग? पोरीला सांगा. चार लोकांत बोलला होता, चार लोकांतच सांगा."

पुढच्या रविवारी सकाळी सोमनाथ मला घेऊन देवळ्याला गेला. दिग्दर्शकांनी त्याला मनाई केली होती. बारकूंच्या अंगणात शेजारीपाजारी जमले होते. त्याने मला उलटी करून माझी नुसत्या प्लायवूडची पाठ सगळ्यांना दाखवली आणि सगळं सांगितलं. स्नेहलच्या गिटारमध्ये दोष नव्हता, तिच्या वडिलांच्या कानात तर मुळीच नव्हता, हे त्याने दोनदा सांगितलं. कुणीतरी मला बोटाने टिचकी मारली. टक्क असा आवाज आला. फळीचा येतो तसा. मला कुठे लपू असं झालं.

स्नेहल म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी 'येत नाही' म्हणाला असता, तर मला जेवढं येतं तेवढं मी तुम्हाला शिकवलं असतं."

सोमनाथ ओट्याच्या पायरीवर खाली बसला.

मालिकेच्या शेवटच्या काही भागांत ललिताचं नाव आलं. सोमनाथ हट्टालाच पेटला होता. अगदी बारीक अक्षरांत, अगदी शेवटी, पण आलं. स्नेहल पुन्हा वाजवू लागली, मात्र 'सुरुंग'चं काहीही तिने पुन्हा वाजवलं नाही. त्याबद्दल तिला दोष कसा देऊ?

आता मी सोमनाथच्या घरी कपाटामागे असते. माझा रंग उडालाय. मला पुसा, जपा, असं मी मागत नाही. एवढंच मागते, की कुणाचं वाद्य, कुणाचं चित्र, कुणाची वही तुमच्या हातात आली, तर ती वाईट आहे असं म्हणण्याआधी थोडं थांबा, मित्रांनो. कदाचित त्यामागे कुणीतरी आपला सगळा कान, सगळा जीव पणाला लावलेला असतो.