म्हशीची साक्ष

म्हशीनं टाक्यात तोंड घातलं, पाणी हुंगलं आणि मान फिरवली. घरच्या धाकट्या सुनेनं, धाकटीनं, तिच्या पाठीत एक थापटी ठेवून दिली.

"पी की गं बये! कुठल्या जन्मीचं वैर काढतेस?"

आमच्या गावाची रीतच अशी. पाण्याला आधी जनावरानं तोंड लावायचं, मग माणसानं. शेजारी लष्कराची छावणी. तिथं जमिनीत पुरलेली तेलाची टाकी गळली, आमच्या विहिरींना रॉकेलसारखा वास सुटला आणि एकाही जनावरानं ते पाणी घेतलं नाही. छावणीच्या तपासणीत मात्र पाणी उत्तम निघालं. म्हशींना तसं कळवायचं तेवढं राहून गेलं.

गावाशी गोडीगुलाबीनं वागायला छावणीनं एक साहेब नेमला होता. आम्ही त्याला सोयरेसाहेब म्हणायचो. येताना दर खेपेला झाडाची रोपं आणायचा. ती कुठल्या पाण्यावर जगवायची, असं विचारलं की गोड हसायचा. गावानं गुरं नेऊन छावणीच्या फाटकाला बांधली, तेव्हा त्यानं टँकर सुरू केला. म्हणाला, "तुमची गुरं विहिरीचं पाणी प्यायला लागेपर्यंत टँकर येईल. मग तर झालं?"

गावाला वाटलं, जिंकलो.

पण या आठवड्यात टँकर फिरकलाच नव्हता. बिघडला होता म्हणे. नदी छावणीच्या तारेपलीकडं. धाकटीचा नवरा परगावी मजुरीला, घर चालायचं ते या व्यालेल्या म्हशीच्या दुधावर. आज सकाळी चरवीचा तळसुद्धा झाकला नव्हता.

"सूनबाई, जनावर मरेल गं," ओसरीवरून सासरा म्हणाला.

"मग मी काय करू मामंजी? रडून टाकं भरू?"

ती तणतणत आत गेली. पेंड आणली, मीठ आणलं, गुळाचा खडा आणला, सगळं टाक्यात कालवलं. म्हशीनं हुंगलं, थांबली, पुन्हा हुंगलं. मग घटाघटा प्यायला लागली. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढं एकच गावात बिनवासाचं होतं.

नेमका तेव्हाच टँकर आला. पुढं जीप, जीपमध्ये सोयरेसाहेब.

"अरे वा! प्यायली की!" साहेबानं खाली उडी मारून फोटो काढला. "विहिरीचंच ना, ताई?"

"साहेब, त्यात गूळ घातलाय. पेंड घातलीय."

"आम्हीपण चहात साखर घालतोच की!" साहेब मनापासून हसला. जाताना दोन रोपं ठेवून गेला. टँकर भरलेलाच परत गेला, तो कायमचा.

संध्याकाळी सगळा गाव धाकटीच्या दारात.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" शेजारीण कडाडली. "एका चरवीसाठी गावाचं पाणी तोडलंस!"

"तुझ्या दावणीला तहानलेली म्हैस असती तर काय केलं असतंस, वहिनी?"

"मेली असती तरी पाजलं नसतं!"

"तुझी आटलेली आहे, म्हणून बोलतेस."

सासरा मध्ये पडला. "आपलेच दात, आपलेच ओठ. चावायचं कुणाला? फाटकावर जाऊ या पुन्हा."

गेलो. गुरं बांधली. फाटकावरच्या शिपायानं आम्हाला म्हशीचा फोटो दाखवला. चांगला मोठा करून लावला होता. म्हैस पीत होती, यात शंका घ्यायला जागा नव्हती. आम्ही गुरं सोडवून घेतली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी शेजारीण मागच्या दारानं आली. हातात कळशी.

"पोरगं तोंड लावेना गं," ती म्हणाली. "किती गूळ घातला होतास?"

"टाक्याला एक खडा."

"आणि माणसाच्या लेकराला?"

धाकटीनं उरलेली गुळाची ढेप आणली, उंबऱ्यावर फोडली आणि अर्धी तिच्या पदरात टाकली.

"वास जातो?"

"नाही," धाकटी म्हणाली. "पण घशाखाली उतरतं."