बाजूला ठेवलेला मासा

लग्नानंतर पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी चटई उचलून पाटोद्याच्या ह्या घरातल्या मागच्या खोलीकडे निघाले होते. माहेरी, तेलगावला, तसंच चालायचं. सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, माझ्या हातातून चटई काढून घेतली. "ह्या घरात कुणी बाजूला बसत न्हाई. मी बसले तेवढं बास झालं." त्या दिवसापासून मी त्यांच्या पक्षात.

त्याच खोलीत मी नवा मासा ठेवला आणि सगळं बिनसलं.

मला खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचा नाद आहे. गावाला पाणी टँकरनं आणि ही बया घरात समुद्र करते, असं गल्ली म्हणते. म्हणू दे. पाणी मी जारचं घेते, मीठ पुण्याहून मागवते. बैठकीतल्या मोठ्या टाकीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी होती. रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकताना घेतलेली आणि लग्नात रुखवतापेक्षा जपून आणलेली. त्या दोघांवर माझा जीव होता.

माझ्या वाढदिवसाला अंगदनं, माझ्या नवऱ्यानं, एक पिवळाधमक मासा आणला. दुकानातला मासा कोणता रोग घेऊन येईल, सांगता येत नाही. लंपी आल्यापासून बाजारातला बैलसुद्धा लोक आधी वेगळा बांधतात. म्हणून हा महिनाभर मागच्या खोलीत, छोट्या टाकीत. त्याची जाळी वेगळी, पाण्याचा मगही वेगळा, त्याच्या पाण्यात हात घातला की साबणानं धुवायचा.

"ह्याला कावून हितं ठिवलंय?" आत्यांनी विचारलं.

चुलतभावाच्या लग्नाला तेलगावला जायचं होतं, गाडी दारात उभी होती.

"बाजूला हाय त्यो, आत्या. शिवू नका," म्हणाले आणि निघाले.

आठ दिवसांनी लग्न उरकून आले तर पिवळा मासा बैठकीतल्या टाकीत. तिघांच्याही अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. जोडीतली मादी तळाशी पडून धापा टाकत होती. संध्याकाळपर्यंत ती गेली.

"कुणी सोडला त्याला?"

"मी," आत्या म्हणाल्या. "भिताडाकडं तोंड करून एकलाच ऱ्हायचा. मला बघवलं न्हाई."

"रोग होता त्याला, आत्या. इटाळ न्हवता."

मी हे फार मोठ्यानं बोलले. आत्यांनी वाकून टाकीत बघितलं. मग त्यांनी विचारलं, "आता काय करायचं?" मी तुटकपणे सांगितलं, उरलेले दोघं मागच्या खोलीत जातील, तिथं त्यांना औषध देणार. मोठ्या टाकीत मासाच नसला म्हणजे तिथला रोग उपाशी मरतो. तोवर ती रिकामी ठेवायची.

"मग ने त्यांना," त्या म्हणाल्या.

नेले. औषध घातलं, हात धुतले, स्वयंपाकघरात येऊन भांडी आदळत बसले. डोळ्यांपुढून मादी हलत नव्हती. सासू असली म्हणून काय झालं, विचारायला नको? एवढ्यात फरशीवरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर आत्यांनी आपली खाट मागच्या खोलीत आणून टाकीला लावली होती.

"हे काय, आत्या?"

"बाजूला ठिवाया पायजे, कळलं मला." त्या टाकीकडे बघत होत्या. "पर मी बसायची तवा ताट दारातून सरकवायचे आन् निघून जायचे. जवळ कुणी बसलं न्हाई कधी. ह्यांच्यापाशी मी बसते. पाण्यात हात घालत न्हाई. घातलाच तर साबणानं धुते."

माझा राग गेला नव्हता. मादी माझीच मेली होती. पण मी आत गेले, चटई घेऊन आले आणि त्यांच्या खाटेशेजारी अंथरली.