बाहुली खोटं बोलत नाही

मित्रांनो, मी एक जुनी टॉर्च आहे. पेनाएवढी, नर्सच्या खिशाला अडकवतात ती. माझी काच तडकली आहे, क्लिप वाकली आहे. वॉर्डातले नवे लोक मला मोडीत काढायला निघाले आहेत. काढू देत. पण मी केलेलं काम ऐकल्याशिवाय कुणी मला निरुपयोगी म्हणायचं नाही, हे मी ठणकावून सांगते.

कारखान्यात आम्ही हजारभर बहिणी एका दिवसात तयार झालो. कुणी गॅरेजात गेली, कुणी दुकानाच्या गल्ल्यात पडली. मी आले डोक्याला मार लागलेल्या माणसांच्या वॉर्डात, तिथल्या थोरल्या सिस्टरांच्या खिशात.

तुमच्या डोळ्याच्या मधोमध काळा ठिपका असतो ना, त्याला बाहुली म्हणतात. उजेड पडला की ती पटकन आकसते. ती आकसायला वेळ लावू लागली, किंवा एक बाहुली मोठी आणि एक लहान दिसू लागली, तर समजावं, आत मेंदूवर दाब येतो आहे. ते पाहण्यासाठी उजेड पाडणं हे माझं काम.

सिस्टर दर तासाला प्रत्येकाजवळ जायच्या. हाक मारायच्या, नाव विचारायच्या, वार विचारायच्या. "माझी बोटं दाबा बघू" म्हणायच्या. मग मला हातात घ्यायच्या. डोळा लागलेल्यालाही त्या सोडत नसत. त्यामुळे सगळा वॉर्ड त्यांना 'कोंबडा' म्हणायचा. त्या हसून म्हणायच्या, "आरवणं माझं काम आहे, शिव्या खाणं त्यातच आलं."

एका सकाळी एक सुतार आला. खिडकी बसवताना शिडीवरून पडला होता. थोडा वेळ शुद्ध हरपली होती, पण आला तो स्वतःच्या पायांनी. सोबत बायको होती.

"वार कोणता आज?" सिस्टरांनी विचारलं.

"बुधवार. आणि उद्या गिऱ्हाइकाला दार द्यायचंय, तेव्हा मला लवकर सोडा. डोकं लाकडीच आहे माझं, फुटायचं नाही!"

त्याने बोटं अशी दाबली की सिस्टर "आई गं" म्हणाल्या. दोन्ही बाहुल्या झटकन आकसल्या. बारा वाजता तसंच. एक वाजताही तसंच.

दोन वाजता तो घोरत होता. बायकोने सिस्टरांना हातानेच अडवलं. "आत्ता कुठं डोळा लागलाय हो त्यांचा. कशाला उठवता?"

"एकदा बोलू दे माझ्याशी, मग खुशाल झोपू दे."

दोन हाका मारूनही तो हलला नाही. खांदा जोरात दाबल्यावर त्याने डोळे उघडले.

"वार कोणता?"

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "खिडकी."

बायकोला हसू आलं, पण सिस्टरांचा चेहरा पाहून ते तिथंच विरलं. त्यांनी बोटं पुढे केली. डाव्या हाताने त्याने दाबली. उजवा, रंधा मारणारा हात, नुसता पडून राहिला. मग माझी पाळी आली. उजवी बाहुली आकसली. डावी मात्र रुंद झाली होती. ती आळसावल्यासारखी जराशी हलली आणि थांबली. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्याच उजेडाची भीती वाटली.

सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावलं. ते तरुण होते, दमलेले होते. त्यांनी उशाशी नाडी-रक्तदाब दाखवणाऱ्या मॉनिटरकडे पाहिलं. "सगळे आकडे ठीक आहेत, सिस्टर. झोपेत माणूस बरळतोच. चार वाजता बघू."

"चारपर्यंत हा थांबायचा नाही."

"सिस्टर, डॉक्टर मी आहे."

"आहात ना? मग हे धरा." त्यांनी मला डॉक्टरांच्या हातात कोंबलं. "स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नाहीतर मोठ्या सर्जनांना मी बोलावते. मग मला घरी बसवा, चालेल."

डॉक्टर वाकले. मी उजेड पाडला, आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्यात. पुढच्याच क्षणी ते ओरडले, "स्ट्रेचर आणा! ऑपरेशन थिएटरला कळवा!" त्या गडबडीत मी फरशीवर पडले आणि माझी काच तडकली.

सुताराच्या कवटीखाली रक्त साचलं होतं. सर्जनांनी ते काढलं. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी त्याला वार विचारला, तर तो हसून पुटपुटला, "तुम्हीच सांगा. मला कुठं कामावर जायचंय?" बायको तोंडात पदर धरून रडली. तरुण डॉक्टर दाराशी उभे होते. ते म्हणाले, "सिस्टर, चूक माझी होती." सिस्टर एवढंच म्हणाल्या, "पेशंट वाचला ना? झालं तर."

पुढे सिस्टर निवृत्त झाल्या. मला खणात ठेवलं गेलं, वाळलेल्या पेनांच्या शेजारी. आता काही जण घाईत मोबाइलचा उजेड मारतात. काही जण मॉनिटरकडे लांबूनच बघून कागदावर 'ठीक' लिहितात. मॉनिटरशी माझं वैर नाही. पण तो वार विचारत नाही, आणि उजव्या हातातलं बळ गेलं हे त्याला कळत नाही. त्यासाठी माणसाला माणसाजवळ जावं लागतं.

तुमच्या घरीही कुणी कधी पडेल, डोकं आपटेल, "मला काही झालं नाही" म्हणून आडवं होईल. मग ते नीट उठेना, भलतंच बोलू लागलं, हातपाय लुळे पडू लागले, तर "झोपू दे" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आरडाओरडा करा, दवाखाना गाठायला लावा. मोठी माणसं तुमच्यावर रागावतील. खुशाल रागावू द्या. राग संध्याकाळपर्यंत उतरतो.