उकिरड्यातलं मडकं

मासा मी आयुष्यात कधी खाल्ला नाही. आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. चुलीजवळ अंड्याचं नावसुद्धा कुणी काढत नाही. तरी मांगूर कशाच्या वासाला भुलतो, हे मला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. ते दगूबाईमुळे.

दगूबाई मासे धरणाऱ्या भोयांची. तिचं घर तापीच्या उतारावर, आमचं वर गावात. मी सून म्हणून आले त्याच साली तीही आली, एवढ्यावर मैत्री जमली. मांगुराच्या आमिषाची तिच्या सासूकडून आलेली एक कृती होती. मव्हाची फुलं पाण्यात कुजवायची, त्यात ज्वारीचं पीठ, कोंबडीची उन्हात सुकवलेली आतडी आणि हरभऱ्याएवढा हिंग घालायचा. मडक्याचं तोंड लिंपून ते नऊ दिवस उकिरड्यात पुरायचं. खरी युक्ती उकिरड्याच्या उबेत होती. दगूकडे जनावरं नव्हती, आमच्या खळ्यात बारा म्हशी. दुपारी माणसं शेतात गेली की ती पदराखाली मडकं घेऊन यायची आणि मी खोरं घेऊन उभी असायची. नवव्या दिवशी मडकं उघडलं की आम्ही दोघी नाक दाबून हसायचो. माझ्या सासूबाई म्हणायच्या, उंदीर मेला वाटतं कुठेतरी.

त्यांच्याकडे ही कृती लेकीला सांगत नाहीत. ती दुसऱ्या घरी घेऊन जाईल म्हणून. सुनेलाच सांगतात. मी लेक नाही, सूनही नाही. उकिरडा माझा म्हणून मला कळली. "कोनले सांगू नको, सुंदर," एवढंच दगू म्हणाली होती.

गेल्या दिवाळीत माझा नातू नवनीत सुरतेहून आला. जुन्या माणसांच्या हातच्या गोष्टी मोबाइलवर घेऊन तो लोकांना दाखवतो. लोणचं झालं, पापड झाले. आमच्या घरात आजीला बा म्हणतात. मग म्हणाला, "बा, असं काहीतरी सांग जे कुणालाच माहीत नाही."

इतक्या वर्षांत माझ्यासमोर बसून कुणी एवढं कान देऊन ऐकलं नव्हतं. मी सांगत गेले. त्याने माझा चेहरा घेतला नाही, फक्त पीठ मळणारे हात आणि आवाज. आतड्यांचं सांगताना मी आवाज खाली आणला, कारण माझा मुलगा ओसरीवर होता.

महिन्याभरात तापीच्या डोहावर मोटारसायकली दिसू लागल्या. शहाद्याची पोरं, रनाळ्याची पोरं, सगळ्यांकडे त्याच वासाच्या गोळ्या. दगूचा मुलगा धुडकू रिकामी टोपली घेऊन परतायचा.

आणि दगूचा संशय गेला तो सुनेवर. ही सून, भूमिका, खापर गावची, तिचे भाऊही मासे धरतात. दगू आमच्या ओट्यावर येऊन म्हणाली, "माहेरले सांगी दिनं तिनी. तिना हातनं पानी भी पेत नही मी आते. होळी झाली का तिले खापरले धाडी देस."

मी तिला चहा दिला. "हं," म्हणाले. मला भीती वाटत होती ती माझ्या मुलाची आणि सुनेची; तुळशीची माळ घालून बा खळ्यात कोंबडीची आतडी पुरत होती, हे घरात कळेल याची. दगू तीन वेळा आली, मी तीन वेळा चहा दिला.

होळीच्या चार दिवस आधी भूमिका नदीवरून येताना दिसली. माझ्यासमोर तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाकून नमस्कार केला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी उतार उतरून मी दगूच्या घरी गेले. भूमिका अंगणात जाळं विणत होती, दगू खाटेवर.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. "दगू, ते मी सांगितलं. नवनीतच्या मोबाइलमध्ये. पोरीचा काही दोष नाही."

दगू सुनेकडे वळली. भूमिकेचा हात जाळ्यावर थांबला होता.

"माले मालूम व्हतं, आत्याबाई," ती हळूच म्हणाली. "मोबाइलमा आवाज आयकताच वळखा मी."

"मंग बोलनी का नही तू?"

"तुमले एकच तं मैतरीन शे."

चोवीस वर्षांच्या त्या पोरीने आमच्या मैत्रीसाठी तीन महिने सासूच्या शिव्या खाल्ल्या होत्या आणि मी वर बसून चहा करत होते.

"मन्ही चूक झाली, दगू," मी म्हणाले. तिच्या बोलीत बोलले तर जरा जवळचं वाटेल, असं वाटलं असावं.

दगूने हात पुढे केला. सुनेला म्हणाली, "पानी दे माले." भूमिकेने तांब्या आणला, दगू सगळा प्यायली. तोंड पुसून मला म्हणाली, "सासूनी आखो एक कृती सांगेल व्हती माले. उकिरडा नही लागत तिले." मग म्हणाली, "तू जाय आते, सुंदर. हिले सांगनं शे."

रागाने नाही म्हणाली. मी वहाणा घातल्या. अंगण ओलांडेपर्यंत त्या दोघी गप्प होत्या, माझ्या जाण्याची वाट बघत.