खिडकीकाकांचा पास

पोहण्याच्या तलावाच्या तिकीट खिडकीत बसून खिडकीकाकांना सव्वीस वर्षं झाली होती, आणि या सव्वीस वर्षांत त्यांनी त्या पाण्यात पायाचा अंगठासुद्धा बुडवला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. येणाऱ्याच्या महिन्याच्या पासवर त्या दिवसाच्या घरात ते पंचने एक भोक पाडायचे, "सावकाश जा, फरशी ओली आहे" म्हणायचे आणि पुन्हा वर्तमानपत्रात तोंड खुपसायचे. कोणी पोहण्याबद्दल विचारलंच, तर "आता वय झालं" असं सांगायचे. जणू आधी येत होतं.

इथवर ठीक होतं. पण नात चार वर्षांची असताना तिने विचारलं, "आबा, तुम्हाला पोहता येतं?" आणि काकांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. "मासा आहे मी, मासा!" पुढे दर सुट्टीत त्या माशाला नवे कल्ले फुटले. मासा भर पुरात नदी पार करून आला, एका बुडणाऱ्या माणसाला केस धरून बाहेर काढता झाला. आता नात नऊ वर्षांची झाली होती. तिने फोनवर सांगितलं, "आबा, वीस तारखेला येतेय. या वेळी तुम्ही मला खोल बाजूला पोहून दाखवायचं."

वीस तारखेला सात आठवडे होते. काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. खरं सांगून टाकावं हा सरळ मार्ग होता, पण त्या पोरीच्या डोळ्यांत आपण लहान होऊ, ही कल्पना त्यांना बुडण्यापेक्षा भयंकर वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तलावावर शिकवणाऱ्या कोचताईंना गाठलं. एका कोऱ्या पासच्या मागे त्यांनी सुरेख अक्षरात लिहून आणलं होतं : पोहायला शिकणे.

ताईंनी वाचलं आणि पास परत दिला. "काका, ही नुसती इच्छा झाली. किती पोहायचं, कुठून कुठवर आणि कधीपर्यंत, ते लिहा."

काकांनी तिथेच उभ्याने लिहिलं : उथळ काठापासून खोल काठापर्यंत, एकदा, न थांबता, वीस तारखेपर्यंत.

"हं. आता याचे तुकडे करू," ताई म्हणाल्या आणि पासच्या घरांत एकेक काम भरत गेल्या. तोंड पाण्यात, पाच श्वास. मग काठ धरून पाय मारणं. मग पाठीवर तरंगणं. शेवटचं घर अर्थातच खोल काठाचं. "एक जमलं की भोक पाडायचं. त्यात तर तुमचा हात धरणारं कोणी नाही."

पहिलं घर काकांनी घरीच पुरं केलं, बादलीत तोंड घालून. न्हाणीघरातून येणारे आवाज ऐकून बायको दारात आली आणि बराच वेळ बघत उभी राहिली.

"अहो, काही सांडलंय का आत?"

"अगं, श्वास सोडतोय."

"सोडा, सोडा. पण बादली मला धुण्याला हवीय," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून निघून गेली.

रोज सकाळी सहाला, तलाव उघडायच्या आधी, काका पाण्यात उतरू लागले. पाणी थंड असायचं आणि कंबरेच्या वर आलं की काकांचा आवाजच बसायचा. पाठीवर तरंगायला त्यांना नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी ताईंनी मानेखालचा हात कधी काढून घेतला, ते त्यांना कळलंच नाही. छपराच्या पत्र्याकडे बघत ते पडून राहिले. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढचं घर होतं : दहा फूट, पाय न टेकता. इथे काकांनी लबाडी केली. हात पवनचक्कीसारखे फिरवले आणि एका पायाने तळाच्या फरशीवर गुपचूप लंगडी घालत दहा फूट गाठले. मोठ्या रुबाबात भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी ताई सहज म्हणाल्या, "काका, पाण्यातून सगळं दिसतं हो."

काकांनी त्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवला. चिकटवताना कान गरम झाले होते. ते दहा फूट खरोखर पोहायला आणखी सहा दिवस गेले.

वीस तारीख आली, आणि पहाटेच्या गाडीने नातही आली. सगळी घरं भोकांनी भरली होती, फक्त शेवटचं उरलं होतं. सकाळी सहाला नात काठावर मांडी घालून बसली. ताई दोन पावलांवर उभ्या राहिल्या. काका निघाले. अर्ध्यापर्यंत छान गेले. मग दम लागला, आणि जुन्या सवयीने पाय खाली गेला. खाली काहीच नव्हतं.

काकांच्या नाकातोंडात पाणी गेलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे काडीही नव्हती. ताई उडी मारायला पुढे झाल्याच होत्या, तेवढ्यात काका उताणे झाले आणि पाठीवर तरंगू लागले. पत्र्याकडे बघत त्यांनी पाच श्वास घेतले. मग हळूच वळले आणि उरलेलं अंतर कापून काठाला हात लावला.

"आबा, मधेच झोपलात का?" नात काठाकाठाने धावत आली.

'ही खास जुनी पद्धत आहे' हे वाक्य काकांच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी ते गिळलं.

"झोपलो नव्हतो, बाळा. घाबरलो होतो. मला पोहता येत नव्हतं. नदीची गोष्ट खोटी, बुडणारा माणूसही खोटा. हे एवढं मी सात आठवड्यांत शिकलोय."

नात पाण्याकडे बघत राहिली. "आजीने मागच्याच वर्षी सांगितलं मला."

"मग हट्ट कशाला धरलास?"

"मला वाटलं, पोहता येत नाही असं तुम्ही कबूल कराल. मग मलाही कबूल करता येईल." तिचा आवाज बारीक झाला. "मी वर्गात सांगितलंय, मला पोहता येतं. माझे आबा शिकवतात म्हणून."

तेव्हा कुठे काकांच्या लक्षात आलं, की पोरगी पाण्यापासून हातभर लांब उभी आहे.

अंग पुसून ते खिडकीत जाऊन बसले. ताई म्हणाल्या, "पाडा भोक, झालं की." काकांनी नकारार्थी मान हलवली. "न थांबता असं लिहिलंय, ताई." मग त्यांनी एक कोरा पास काढला, खिडकीतून नातीपुढे सरकवला आणि पेन दिलं.

"किती, कुठून कुठवर, कधीपर्यंत?"

तिने खूप विचार केला. मग जीभ बाहेर काढून दोन ओळी लिहिल्या. "आणि पहिल्या घरात?"

"बादली. तोंड आत, पाच श्वास. आजी हसेल, तिकडे लक्ष द्यायचं नाही."

तिने लिहिलं, आणि काकांच्या पासवरच्या शेवटच्या घरावर बोट ठेवलं. "हे?"

"उद्या सकाळी सहाला पुन्हा. तू काठावर बस."

"काठावर नको," ती म्हणाली. "मी पाण्यातल्या पहिल्या पायरीवर बसेन."