चिंधी बांधलेल्या कोंबड्या

शिक्षणाधिकारी साहेब, दोष तुमचा आहे. मे महिन्यात व्हायच्या बदल्या तुम्ही दिवाळीपार लोंबकळत ठेवल्या आणि नवापूरच्या डोंगरातली एकाच बाईंवर चालणारी शाळा ऐन ऊसतोडीच्या तोंडावर रिकामी करायला निघालात. बदली रद्द करायच्या अर्जात कारणं किती, तर तीन. आजार, अपंगत्व, जोडीदाराची नोकरी. माणूस चौथ्या कारणानं थांबत असेल, हे तुमच्या डोक्यातच आलं नाही.

रिबेकाबाईंना बदली हवी होती, हे आधी सांगितलेलं बरं. या शाळेत अकरा वर्षं झाली होती. नवरा योहान लोणखेड्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत, मुलगी त्याच्याजवळ. "आता तरी एका जागी जेवू," तो फोनवर म्हणाला आणि बाईंनी ट्रंक भरायला घेतली.

आदेश घेऊन केंद्रप्रमुख पितांबर आप्पा आले. खोलीमागचा कोंबड्यांचा कलकलाट ऐकून हसले. "बाई, हाई शाळा शे का खुराडं?"

"आप्पा, माझ्या जागी कोण येणार?"

"येई कोणीतरी. तुम्ही सुटा ना!"

खुराडं ही गावाची रीत होती. ऊस तोडायला गुजरातेत जाताना ज्याला पोर शाळेसाठी आजीजवळ ठेवायचं असे, तो एक कोंबडी बाईंकडे सोडायचा, पायाला आपल्या घरची चिंधी बांधून. अंडी पोरांनी खायची. कोंबडी बाईंकडे, म्हणजे पोराची काळजी बाईंकडे.

दुसऱ्या सकाळी ऊसतोडीला निघालेल्या सोमीबाईनं खुराडं उघडून लाल चिंधीची कोंबडी बगलेत मारली.

"काय गं हे?"

"माझी हाय, नेते. तू चालली, मग पोरगी कोणाच्या भरवशावर ठेवू? येईल आमच्यासंगं. मोळ्या बांधेल."

"चौथीत आहे ती!"

"मला का सांगते? ट्रंक तू भरली."

दुपारपर्यंत खुराडं निम्मं झालं. बाईंनी योहानला फोन लावून थांबायचं म्हटलं.

"कोंबड्यांसाठी थांबतेस?"

"हो."

"मग एखादी रविवारी घेऊन ये. रस्सा करू." तो हसला. "पोरीला काय सांगू?"

बाईंनी फोन ठेवून चपला घातल्या.

ऊसतोडीचे ट्रक सुटायच्या आत त्या दारोदार फिरल्या. मी कुठं जात नाही, म्हणाल्या. कोंबड्या परत आल्या. सोमीबाईनंही दिली, पण पायाची चिंधी सोडून कमरेला खोचली. "ही पुढच्या साली बांधीन. तू असलीस तर."

ते बाईंना लागलं. त्यांनी बदली रद्द करायचा अर्ज घेतला, तिन्ही कारणांवर काट मारली आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:

"माझं कारण तुमच्या यादीत नाही. दुसरा शिक्षक मागणारे माझे सात अर्ज तुमच्याकडे पडून आहेत. मी थांबते आहे. पण माझ्या थांबण्यावर ही शाळा तुम्ही किती वर्षं ढकलणार? लेखी उत्तर द्या. आणि माझ्या मुलीला काय सांगायचं, तेही तुम्हीच लिहून पाठवा."