भट्टीचे हात, नातीची अंघोळ

आबांच्या हातांचं घरात फार कौतुक होतं, आणि सर्वांत जास्त ते खुद्द आबांनाच होतं. चाळीस वर्षं बेकरीच्या भट्टीतून तापलेले पत्रे ओढून ओढून तळवे चामड्यासारखे झालेले. चहाचं उकळतं पातेलं ते फडक्याशिवाय उतरवायचे आणि मग हळूच बघायचे, कोणी पाहिलं की नाही. बेकरी सुटली तरी शर्टाची बाही मनगटापर्यंत बंदच. दंडाला धग लागू नये म्हणून लागलेली सवय, ती उन्हाळ्यातही जाईना.

नात आठ महिन्यांची. जो उचलून घेई तो म्हणे, "अगं बाई, लोणीच आहे ही!" म्हणून तिचं नावच लोणी पडलं. आबाही मान डोलवायचे. पण खरी गोष्ट अशी, की ती मऊ आहे हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. तळव्यांना काही लागत नसे, आणि गालाला गाल लावावा तर दाढी टोचून ती भोकाड पसरायची. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय!

मुलगा नोकरीसाठी परगावी. सुनेची सुट्टी संपली तेव्हा तिच्या मनात पाळणाघर होतं. आबांनी महिनाभर तिच्यामागे टुमणं लावलं, "परक्यांकडे कशाला? मी काय मेलोय?" शेवटी ती तयार झाली, पण एका बोलीवर. आठवडाभर बघायचं, नाही जमलं तर पाळणाघर.

पहिलाच दिवस. सून कामाला गेली आणि गिझरचा गळका पाइप बघायला मिस्त्री आला. तो स्टुलावर चढून नट आवळत होता, खाली आबांनी लोणीचा टब भरला, हात घालून ढवळला आणि स्वतःशीच म्हणाले, "कोमट. अगदी झकास."

मिस्त्री खाली उतरला. हात काळेकुट्ट. "आबा, जरा एक मग पाणी ओता हो हातावर."

एका कडेवर उघडी लोणी, दुसऱ्या हाताने आबांनी टबातला मग ओतला.

"आई गं!" मिस्त्री दारापर्यंत मागे उडाला. "हे काय ओतलंत?"

"अहो, लेकराच्या अंघोळीचं पाणी. कोमट आहे. मी हात घालून बघितलंय."

"कोणाचा हात?" मिस्त्री म्हणाला.

त्याने पिशवीतून थर्मामीटर काढून टबात धरला. चौपन्न अंश. आबांना ते कुठलं पटायला! म्हणाले, "तुमचा काटा बिघडलाय. पिठाचं पाणी मी जन्मभर हातानेच बघत आलो."

"कोपरापासून नमस्कार तुम्हाला!" मिस्त्रीने हात जोडले. "बाही वर करा आणि कोपर बुडवून बघा. मग काट्याला नावं ठेवा."

आबांनी लोणीला त्याच्याकडे दिलं, बाही वर सारली. आतलं कोपर पांढरंफटक, भट्टीने कधी न पाहिलेलं. ते पाण्याला लागलं मात्र, आबा ओरडलेच. लोणीला वाटलं खेळ चाललाय, ती खिदळली.

आबा स्टुलावर बसले. मिस्त्रीच्या हाताला काळं लागलं नसतं, तर एव्हाना ती पोर पाण्यात असती. त्यांनी लोणीचे पाय पाहिले. दोन्ही पाय धडधाकट, हवेत लाथा झाडत होते.

"तुमचे उपकार कसे फेडू?" आबांनी हात जोडले.

"ते राहू द्या. गिझर पंच्याहत्तरवर कोणी ठेवला?"

"मीच. मला पाणी गरमच लागेना."

मिस्त्रीने आकडा पन्नासच्या जरा खाली आणला. "टाकीतलं पाणी अजून तापलेलंच आहे, आज नळ जपून. लेकराच्या टबात आधी गार घालायचं, मग गरम, आणि नीट ढवळायचं. काटा सदतीसवर हवा. कोपर तर आहेच." थर्मामीटर त्याने तिथेच ठेवला आणि निघताना म्हणाला, "सूनबाईंना माझ्याकडून काही कळणार नाही."

झाकली मूठ राहिली असती. पण आबांना दिवसभर अन्न गोड लागलं नाही. संध्याकाळी सून चप्पल काढते न काढते तोच त्यांनी सगळं सांगून टाकलं, चौपन्नच्या आकड्यासकट. "तुला पाळणाघरात ठेवायची असेल तर ठेव, पोरी. मी चकार शब्द काढणार नाही."

सुनेने लोणीला घट्ट धरलं. तिचा चेहरा उतरला होता.

"आज अंघोळ?" तिने विचारलं.

"घातलीच नाही. ओल्या फडक्याने पुसून घेतली. धीर झाला नाही."

"उद्या माझ्यासमोर घाला," ती म्हणाली. "मी थोडी उशिरा जाईन. आबा, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. नसतं सांगितलंत आणि मला कळलं असतं, तर मात्र काही खरं नव्हतं."

सकाळी सून न्हाणीघराच्या दारात उभी राहिली. आबांनी आधी गार पाणी घातलं, मग गरम, ढवळलं. काटा सदतीसवर आला तरी दोन्ही बाह्या दंडापर्यंत सारून त्यांनी कोपर बुडवलं. इतक्या वर्षांनी पाण्याची ऊब अंगाला कळली. मनातल्या मनात त्यांनी मिस्त्रीला पुन्हा हात जोडले आणि नातीला पाण्यात बसवलं.

लोणीने दोन चापट्या मारल्या, आबांचा चष्मा भिजवला. मग दमली आणि त्यांच्या उघड्या दंडावर गाल टेकून राहिली.

आबा थांबले. हलेचनात.

सून घाबरून पुढे आली. "काय झालं? गरम आहे का?"

"नाही गं," आबांनी मान वर केली नाही. "लोणीच आहे ही. खरंच लोणी आहे."